आप्पांचे ‘स्टार्ट’ कुठे गेले?

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ जानेवारी २०२६ ला, तिळगूळ घेऊन मी धारहून मांडूला गेले. अंतर ३५ किलोमीटर. आमच्या घरात मात्र मांडू कुणी म्हणत नाही, मांडवगडच म्हणतात. पवारांच्या मागोमाग अठराव्या शतकात जी मराठी घराणी धार-देवासला येऊन राहिली, त्यांतलेच आमचे एक. माझे चुलते आप्पा मांडवगडला शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर मुले पुण्याला बोलावत राहिली, पण आप्पा काही गड उतरले नाहीत. आता त्यांचे वय ७९.

तिळगूळ दिला, पाया पडले, तेवढ्यात काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “ह्यांना हल्ली काही आठवत नाही गं. दोन महिने झाले, एक ओळ लिहिलेली नाही. कॉम्प्युटर उघडतात, इकडेतिकडे बघतात आणि मिटून ठेवतात. पुण्याचा म्हणतोय, इंदूरला डॉक्टरांना दाखवून घेऊ.”

माझ्या पोटात धस्स झाले. आप्पांनी लिहिणे थांबवावे ही आमच्या घरात साधी गोष्ट नाही. गेली वीस वर्षे ते एक मोठी नोंदवही कॉम्प्युटरवर लिहीत आहेत. मांडवगडच्या इमारती, तळी, गोरखचिंचेची झाडे हे तर आहेच, पण धार-देवासच्या मराठी घरांची माहितीही आहे. कुठले घराणे कुठून आले, कुणाचा वाडा कुठे होता, मंगळागौरीला कुठली गाणी म्हणत, श्राद्धाला काय रांधत. आमच्या पुढच्या पिढीची मराठी निम्मी हिंदी झाली आहे. ज्यांना हे सारे ठाऊक होते ती माणसे एकेक करून गेली. उरलेले बरेचसे आप्पांच्या डोक्यात आणि त्या फायलींत आहे.

मी काकूंना विचारले, “औषधं वेळेवर घेतात का? पेन्शनचा हिशोब? माणसांची नावं?”

“त्यात काही चूक नाही. काल दूधवाल्याचा बारा रुपयांचा घोळ ह्यांनीच काढला.”

मग मी बाहेर आले आणि आप्पांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

हाताला सगळे आठवत होते

“आप्पा, मला तुमची एखादी फाइल दाखवा ना.”

त्यांनी लॅपटॉप उघडला. हा लॅपटॉप नवा, चुलतभावाने २०२५ च्या दिवाळीत पाठवलेला. त्याआधीचा कॉम्प्युटर त्याच पावसाळ्यात विजेच्या कडकडाटात गेला. त्यावर विंडोज ७ होते आणि आप्पांनी हट्टाने त्याला जुने करड्या रंगाचे ‘क्लासिक’ रूप देऊन घेतले होते, कारण २००४ मध्ये घेतलेल्या त्यांच्या पहिल्या कॉम्प्युटरवर ते तसेच होते. म्हणजे वीस वर्षे त्यांच्यापुढचा पडदा जवळजवळ एकच होता. डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’, त्यावर उघडणारी यादी, यादीत ‘प्रोग्रॅम्स’, आणि पुढचे सगळे ओळीने.

आप्पांनी माऊस धरला आणि पडद्याकडे धड न बघताच बाण सरळ डाव्या कोपऱ्यात नेऊन क्लिक केले. नव्या विंडोज ११ मध्ये ‘स्टार्ट’चे बटण खालच्या पट्टीच्या मधोमध असते. डाव्या कोपऱ्यात हवामान बसलेले असते. क्लिक केल्याबरोबर बातम्यांचा आणि हवामानाचा एक भला मोठा फळा पडद्यावर आला.

“बघ,” आप्पा म्हणाले. “मला फाइल हवी आहे आणि हा मला पाऊस सांगतो. मीच काहीतरी चुकीचं दाबतो आहे. वय झालं.”

मंडळी, खरे सांगते, त्या क्षणी मला उलगडा झाला. आप्पांचा हात चुकला नव्हता. वीस वर्षे जिथे जात होता तिथेच तो बिनचूक गेला होता. बटण तिथून उठून गेले होते. उद्या काकूंच्या मिसळणाच्या डब्यातल्या वाट्या कुणी न सांगता बदलून ठेवल्या आणि फोडणीत मोहरीच्या जागी मेथी पडली, तर काकू स्वयंपाक विसरल्या असे आपण म्हणू का? म्हातारपणी डोळे मंदावतात, तेव्हा माणूस हातांच्या भरवशावर जगतो. कुठली वस्तू कुठे आहे हे हाताला पाठ असते. जागा बदलली की ती सारी शिदोरी एका फटक्यात वाया जाते, आणि वाईट हे की माणूस दोष स्वतःलाच देतो.

कशीबशी फाइल उघडली. ती पाहून आप्पा आणखी खचले होते हे मला तेव्हा कळले. पडद्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. “मी काहीतरी दाबलं आणि सगळं बिघडवून ठेवलं,” ते म्हणाले. हे त्यांनी दोन महिने कुणालाही सांगितले नव्हते. काकूंनासुद्धा नाही.

बिघडले काहीच नव्हते. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्यांत वापरतात तो ‘कृतिदेव’ फॉन्ट आप्पा वापरत. जुन्या टाइपरायटरवर हात बसलेल्या माणसांना तो सोयीचा पडतो. पण युनिकोडच्या आधीचे हे फॉन्ट कॉम्प्युटरला एक प्रकारे फसवतात. आत साठते ते इंग्रजी अक्षर, आणि त्याच्या जागी फॉन्ट देवनागरीचे चित्र काढतो. आप्पा ‘मांडू’ लिहितात तेव्हा आत जाते ते ई, के, ए, एम, डब्ल्यू. फॉन्ट असेल तर आपल्याला मांडू दिसते, नसेल तर ती पाच इंग्रजी अक्षरे. नव्या लॅपटॉपवर तो फॉन्ट कुणी घातलाच नव्हता.

“मग जुनेच टाक ना!”

हे सगळे समजावल्यावर आप्पा म्हणाले, “मग असं कर, ते विंडोज सातच परत टाकून दे.”

मोह मलाही झाला. पण ते बरोबर नव्हते. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ ला थांबले, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० ला, आणि विंडोज १० ची नेहमीची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. दुरुस्ती थांबली की भिंतीला पडलेले भोक बुजवायला कुणी येत नाही. आप्पा पेन्शनचे खाते याच लॅपटॉपवर बघतात. तेव्हा जुने घर परत बांधायचे नव्हते. नव्या घरात सामान जुन्या जागी लावायचे होते.

मी इतिहास शिकवते, म्हणून आप्पांना त्यांच्याच गावचा दाखला दिला. १६१७ मध्ये जहांगीर बादशहा मांडवगडला येऊन सात-आठ महिने राहिला. येण्याआधी त्याने अब्दुल करीम नावाच्या वास्तुकाराला पुढे पाठवले. माळव्याच्या जुन्या सुलतानांच्या पडझड झालेल्या इमारती दुरुस्त करायच्या आणि लागेल तिथे नवे बांधायचे, असे काम. त्यावर सुमारे तीन लाख रुपये खर्च झाल्याचे जहांगीरने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. कामावर खूश होऊन बादशहाने अब्दुल करीमला ‘मामूर खान’ असा किताबही दिला.

“म्हणजे तू माझी मामूर खान,” आप्पा म्हणाले. दोन महिन्यांनी ते हसले, असे काकू नंतर म्हणाल्या.

जुने मागणारे आप्पा एकटे नाहीत

नव्यावर जुने रूप चढवणे हा काही म्हाताऱ्यांचा हट्ट नाही. ‘स्टार्ट’चे बटण पहिल्यांदा आले ऑगस्ट १९९५ मध्ये, विंडोज ९५ बरोबर. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि कंपनीने ते बटणच काढून टाकले. त्याऐवजी पडदाभर रंगीत चौकोन दिले. जगभर लोक वैतागले. वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, विंडोज ८.१ मध्ये बटण परत आणावे लागले आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्यावरची यादीही परत आली. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये खालच्या पट्टीवर उघड्या फायलींची नावे दिसेनाशी झाली होती. लोकांनी तक्रारी केल्या तेव्हा २०२३ मध्ये ती सोय पुन्हा दिली.

फुकट मिळणाऱ्या लिनक्सच्या जगातही हेच घडले. तिथला ‘नोम’ नावाचा पडदा एप्रिल २०११ मध्ये पार बदलला. अर्जेंटिनातल्या एका वापरणाऱ्याला तो रुचला नाही. त्याने जुन्या पडद्याचेच काम पुढे चालू केले आणि आपल्याकडच्या चहासारख्या तिकडच्या एका पेयावरून त्याला ‘माते’ नाव दिले. ते आजही चालू आहे.

विंडोजसाठी ‘क्लासिक शेल’ नावाचे एक फुकट साधन २००९ मध्ये निघाले. ते नव्या विंडोजवर जुनी ‘स्टार्ट’ची यादी आणून देई. डिसेंबर २०१७ मध्ये त्याच्या कर्त्याने काम थांबवले, पण जाता जाता सारा मजकूर लोकांना मोकळा करून दिला. हौशी मंडळींनी तो उचलला आणि आता ते ‘ओपन-शेल’ या नावाने मिळते. आप्पांसाठी मी तेच घेतले.

मी काय काय केले

आधी माझी चूक कबूल करते. घाईघाईत मी इंटरनेटवर दिसलेली ‘जुन्या विंडोजची थीम’ उतरवून घेतली. पडद्यावर जाहिराती नाचायला लागल्या. नशीब, सुरुवातीलाच ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवला होता, म्हणून मागे जाता आले. तेव्हा कुणी हे करणार असाल तर पहिली पायरी ही. मागे यायची वाट आधी करून ठेवा, आणि कुठलेही साधन त्याच्या मूळ जागेवरूनच घ्या, रस्त्यात मिळेल तिथून नको.

निम्मे काम तर बाहेरचे काही न घेताच झाले. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘पर्सनलायझेशन’, त्यात ‘टास्कबार’. तिथे ‘विजेट्स’ बंद केले, कोपऱ्यातले हवामान गेले. त्याखालीच पट्टीची मांडणी मधोमधऐवजी डावीकडे करता येते. ती केली आणि ‘स्टार्ट’ आपल्या जुन्या कोपऱ्यात येऊन बसले. ‘थीम्स’मध्ये जाऊन कॉम्प्युटरचे चिन्ह पडद्यावर आणले. त्याचे नाव आता ‘धिस पीसी’ असते. मी ते बदलून ‘माय कॉम्प्युटर’ केले. अक्षरे मोठी केली, बाण मोठा केला.

मग ओपन-शेल. त्यात यादीची तीन रूपे मिळतात. अगदी जुनी एका रांगेची, दोन रांगांची, आणि विंडोज ७ सारखी. आप्पांनी पहिली निवडली. गंमत म्हणजे नवी यादी कुठे जात नाही. ‘शिफ्ट’ दाबून क्लिक केले की मूळची नवी यादी उघडते. हे ऐकून काकू म्हणाल्या, “म्हणजे आमच्या देवाससारखं झालं!” काकूंचे माहेर देवासचे. एकाच गावात पवारांची दोन राज्ये, थोरली पाती आणि धाकटी पाती, १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत शेजारी शेजारी नांदत होती. झाले. जुन्या यादीला थोरली पाती आणि नवीला धाकटी, अशी नावे घरात पडली ती पडलीच.

लिहिण्यासाठी लिब्रऑफिस घातले. तेही फुकट आहे. त्यात वर ‘फाइल’, ‘एडिट’, ‘व्ह्यू’ अशी शब्दांची जुनी रांग अजून आहे आणि आप्पांच्या जुन्या फायली त्यात उघडतात.

शेवटी फॉन्ट. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क धारच्या दुकानदाराने काढून दिली होती. तिच्यातून कृतिदेवची फाइल पेनड्राइव्हवर घेतली होती. ती नव्यावर बसवली आणि आप्पांना म्हटले, “आता उघडा.”

बाण डाव्या कोपऱ्यात गेला. यादी उघडली. फाइल उघडली. आणि पडद्यावर होशंगशहाच्या मकबऱ्यावरचे त्यांचे जुने टिपण जसेच्या तसे आले. आप्पा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्याच ओळीतली एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक दुरुस्त केली.

एक मागणी मात्र राहिली होती. “ते हिरव्या टेकडीचं चित्र लाव.” एक्सपीच्या पडद्यावर निळ्या आभाळाखाली हिरवीगार टेकडी असे, ती तुम्हालाही आठवत असेल. मी म्हटले, “आप्पा, तो फोटो चार्ल्स ओरियर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला आहे. त्यापेक्षा जहाज महालाचा लावू या ना.” आप्पा म्हणाले, “जहाज महाल खिडकीतून दिसतो तेवढा पुरे. आणि ती टेकडी कुठलीही असो, मला ती श्रावणातल्या मांडवासारखी दिसते.” लावली.

पण नवे शिकायला नको का?

धारला परत येऊन हे सांगितले तेव्हा आमच्या महाविद्यालयातले एक तरुण सहकारी म्हणाले, “मॅडम, अशाने ते मागेच राहतील. त्यांना नवं शिकवायला हवं होतं.”

मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण आप्पा नव्याला भितात असे नाही. वयाच्या ७५ व्या वर्षी ते मोबाइलवरून भाजीवाल्याला पैसे द्यायला शिकले. नातवंडांशी व्हिडिओवर बोलतात. तिथे शिकण्याच्या बदल्यात त्यांना नवे काही मिळाले. इथे काय मिळणार होते? जी फाइल ते रोज उघडत होते, तीच उघडायला पुन्हा पहिलीच्या वर्गात बसायचे. त्या श्रमाचे मोल फक्त मध्ये आलेल्या बटणाएवढे. शिकण्याची उमेद म्हातारपणी मोजकी असते. ती कुठे खर्च करायची हे ज्याचे त्याने ठरवावे.

हेही खरे की अशा मांडणीला कायमची हमी नाही. विंडोजचे मोठे अपडेट आले की एखादी गोष्ट पुन्हा हलू शकते आणि कुणाला तरी येऊन ती बसवावी लागते. म्हणून काय काय बदलले ते मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवले आहे. कृतिदेवच्या भरवशावरही फार काळ राहता येणार नाही. दर भेटीत थोडी थोडी टिपणे मी युनिकोडमध्ये करून घेते, म्हणजे फॉन्ट नसला तरी ती कुठेही वाचता येतील. ते काम यंत्र करते, पण अधूनमधून जोडाक्षर चुकते, म्हणून आप्पा शेजारी बसून तपासतात.

आणखी एक सांगते. माणूस रोजची औषधे, पैसे, रस्ते, नावे विसरू लागला तर डॉक्टरांकडे जायलाच हवे, त्यात चालढकल नको. पण आपल्या घरातले कुणी नव्या यंत्रापुढे गोंधळत असेल, तर ‘तुम्हाला आठवत नाही’ असे म्हणण्याआधी पाच मिनिटे शेजारी बसून त्यांचा हात कुठे जातो ते बघा. विंडोज १० ची मुदत संपल्यामुळे कित्येक घरांत नुकतेच कॉम्प्युटर बदलले आहेत. मुले परगावाहून वस्तू पाठवतात, प्रेमानेच पाठवतात. पण तिच्याबरोबर जुनी मांडणी पाठवायची राहून जाते.

परवा रात्री आप्पांचा फोन आला. मला वाटले काहीतरी बिघडले.

“काही नाही गं,” ते म्हणाले. “आज ‘शिफ्ट’ दाबून धाकट्या पातीत जाऊन आलो. वाटलं होतं तेवढी वाईट नाही. तिथे नुसतं ‘मांडव’ लिहिलं तर नावात मांडव असलेल्या सगळ्या फायली पुढे आल्या. हे आधी का नाही सांगितलंस?”

मी म्हटले, “आप्पा, आधी तुम्हाला तुमचं घर सापडू द्यायचं होतं.”

“बरं बरं. फायलींना मी नावं कृतिदेवात थोडीच दिली होती, ती बरी सापडतात. उरलेली टिपणं लवकर युनिकोडात कर. आणि येताना शाईचं पेन आण, माझं लीक व्हायला लागलंय.”

फोन ठेवला. पुढच्या रविवारी जायचे आहे. पेन घेऊन ठेवले आहे.